दांडीवरचे रंग

आमच्या आणि तात्यांच्या घरांमध्ये भिंत एकच होती. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंड होतं. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, थोरले सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे एकत्र घर मी पाहिलेलंच नाही. वाटणीत खाचराचा एक बांध वाकडा पडला, तो कुणी वाकडा टाकला यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं, ते बंदच राहिलं. बोलणं बंद म्हणजे घरात शांतता होती असं नव्हे. काकी, म्हणजे तात्यांच्या बायको, सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायच्या ते आमच्या दाराकडे तोंड करून. ‘‘खावा गं बायांनो, आपल्या हक्काचं खावा. दुसऱ्याच्या बांधाला चोच लावू नगा.’’ त्यावर आमची आई धार काढता काढता म्हशीला सांगायची, ‘‘तू कशाला कान टवकारतीस? कोंबड्याच त्या, कलकलाट करनारच.’’ आमच्या म्हशीशी दिवसभरात जेवढं बोललं जायचं तेवढं माझ्याशी बोललेलं मला आठवत नाही. भावकीच्या मायेबद्दल लोक गोड गोड लिहितात तेव्हा ती भावकी कुठल्या गावची, असं मला विचारावंसं वाटतं.

आमची वाडी रिह्याच्या खोऱ्यात, डोंगराच्या अगदी पोटाशी. पावसाळ्यात भिंतींना बुरशी आणि अंगावरच्या कपड्यांना धुराचा वास. घर म्हणजे पुढे पडवी, मधे माजघर, मागे गोठा. दोन्ही घरं माळकरी, त्यामुळे सुकटीचा वास आमच्याकडे कधी आला नाही. वास असायचा तो आंबेमोहराचा. नवा तांदूळ कुणाच्याही चुलीवर चढला तरी दोन्ही घरांना कळायचं. वाटणीत खाचरं तोडता आली, वास तोडता आला नाही. काकी म्हणे वास जाऊ नये म्हणून तपेल्याच्या झाकणावर दगड ठेवायच्या. हे आईचं म्हणणं, खरंखोटं देव जाणे. आमचं रोजचं जेवण नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी, कधी हरभऱ्याचा पाला. जेवताना भिंतीपलीकडून पाट्यावरवंट्याचा आवाज यायचा आणि आई घास तसाच हातात धरून ऐकायची. ‘‘खोबरं वाटत्यात. कोन आलंय त्यांच्याकडं?’’ आबा म्हणायचे, जेव गप. पण तेही ऐकत असायचे.

न वाटलेली वस्तू एकच राहिली होती, ती म्हणजे वीणा. भजनात उभ्यानं वाजवतात ती. खाली भोपळा, वर लांब दांडी, दांडीच्या टोकाला खुंट्या आणि त्यांना ताणलेल्या तारा. वाडीच्या मारुतीच्या देवळात चैत्रात सप्ताह बसायचा, त्याची ही वीणा. ती सांभाळायचा मान आमच्या घराण्याचा होता आणि वाटणीनंतर ती एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष तात्यांकडे राहायची. सप्ताह सुरू झाला की संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा नियम. एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं ती त्याच्या हातातून घ्यायची, देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं. ज्याच्या घरी त्या वर्षी वीणा, त्याचा पहारा पहिला आणि दुसऱ्या भावाचा त्याच्या लगेच मागून. म्हणजे वर्षभर एकमेकांच्या सावलीत उभे न राहणारे हे दोन भाऊ सप्ताहात रोज गावासमोर एकमेकांच्या पायांना हात लावायचे. तो लावायचे कसा, तर तापल्या तव्याला लावतात तसा.

हा मान आला तो माझ्या आज्यापासून. मी त्यांना पाहिलं नाही. गोष्ट मात्र रोज ऐकली. सप्ताहात वीणा घेऊन देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांचा पाय घसरला, गुडघा पायरीवर आपटून फुटला, पण वीणा त्यांनी वर धरलेली होती ती धरलेलीच. जन्मभर लंगडत चालले. ‘गुडघा फुटला, वीणा न्हाई फुटली’ असं अख्खी वाडी सांगायची, आणि त्या एका वाक्यावर आमच्या दोन्ही घरांची मान ताठ होती. वरच्या आळीतल्या पाटलांना हा मान आपल्याकडे हवा होता. ते टपून होते, आणि हे दोन्ही भावांना ठाऊक होतं.

वीणेची देखभाल दोन्ही घरं करायची, पण ती देखभाल पाहिली असती तर वीणा करणाऱ्यानं डोक्याला हात लावला असता. एका वर्षी खंडेनवमीला काकींनी कोयते, विळे, कुदळी घासून धुतल्या, पूजेला मांडायच्या म्हणून, आणि त्यांच्याबरोबर वीणाही शिकेकाई लावून स्वच्छ धुतली. उन्हात वाळत घातली. पुढच्या चैत्रात ती आमच्याकडे आली तेव्हा भोपळ्याला आतून वास मारत होता आणि खुंट्या फुगून जाग्यावर बसल्या होत्या, मागेपुढे हलायला तयार नव्हत्या. आईनं ती चुलीमागच्या उबदार भिंतीला सावलीत टांगली, कितीतरी दिवस तशीच ठेवली, आणि मग खुंट्यांना खडू लावून एकेक फिरवली. पावसाळ्यात जुन्या घोंगडीत गुंडाळून आढ्याला बांधायची, उंदीर उतरू नये म्हणून दोरीला बाभळीचा काटा बांधायचा, हे सगळं आईनं आपल्या डोक्यानं केलं. तिला भजनात काडीचा रस नव्हता. वस्तू घरात आहे तर ती नीट राहिली पाहिजे, एवढंच.

पण रंगाच्या बाबतीत दोन्ही घरं सारखीच वेडी. सप्ताहाच्या आधी दांडीला नवा हात द्यायचा, ही रीत. वाटणीनंतर ती रीत म्हणजे हत्यार झालं. तात्यांनी आपल्या वर्षी दांडी हिरवी केली, त्यांच्या दाराला लावलेला ऑइलपेंट उरला होता तो. आमच्या वर्षी आबांनी त्यावर तांबडा फासला. पुढच्या वर्षी पुन्हा हिरवा. एकदा आबांनी बैलांच्या शिंगांचा निळा लावला, तर काकी कोंबड्यांना म्हणाल्या की आता वीणेलाही झूल घाला. खालचा रंग खरवडून मग वर लावावा हे कुणाच्या मनात आलं नाही, कारण खरवडायचं म्हणजे दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा. झाकणं सोपं. अशी वर्षांमागून वर्षं गेली आणि दांडी मनगटाएवढी झाली. वीणा धरायची म्हणजे उजव्या हाताच्या मुठीत दांडी पकडायची आणि त्याच हाताच्या पहिल्या बोटानं तार छेडायची. डाव्या हातात चिपळ्या. दांडी इतकी जाडली की धडधाकट गडीसुद्धा पहारा संपल्यावर हात झटकत बसायचे. कारण मात्र कुणी बोलत नव्हतं. वीणा जड झाली, देवाचं ओझं आहे, असं म्हणायचे.

त्या वर्षी वीणा आमच्याकडे होती. माघात आबा राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. जिवावरचं हातावर निभावलं. हाडवैद्यानं मनगट बसवलं, पण कसं तरीच बसवलं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धी वाकून थांबायची, पुढे मिटायची नाहीत. फाल्गुनात देवळात मंडळी सप्ताहाचं ठरवायला बसली तेव्हा तात्यांनी आबांकडे न बघता सांगून टाकलं की मोडक्या हातात वीणा द्यायची नाही. पहारा पुरा होईपर्यंत त्याच्याच्यानं धरवली नाही तर घरचा मान जाईल, त्यापेक्षा त्याची पाळी माझ्या पोराला द्या, वीणाही यापुढे माझ्याकडेच राहील. आबांनी भर देवळात सांगितलं, ‘‘पहारा मीच करनार. नाय धरवली तर वीणा तुझी. कायमची.’’ घरी येऊन त्यांनी आढ्यावरून वीणा काढली, घोंगडी सोडली आणि दांडी हातात घेतली. मूठ मिटेना. पहिलं बोट तारेपासून चांगलं वीतभर लांब वाटत होतं. त्यांनी डाव्या हातात धरून पाहिली, तर उजव्या हाताच्या त्या बोटांत चिपळ्या टिकेनात. गळ्यात अडकवायचा पट्टा आमच्याकडे वीणेला लावत नसत. पट्टा लावला की माणूस ढिला पडतो, असं जुने लोक म्हणायचे. आबा बराच वेळ पडवीत तशीच वीणा धरून बसले. भिंतीपलीकडे काकींचा वरवंटा थांबला होता. म्हणजे ऐकत होत्या, तारेचा आवाज येतो का ते.

आई भाकरी थापून बाहेर आली, हात पुसले आणि आबांच्या हातातून दांडी आपल्या हातात घेतली. नखानं एका ठिकाणी टवका उडवला. हिरव्याखाली तांबडा, तांबड्याखाली परत हिरवा. ‘‘हात नाय बारका झाला तुमचा,’’ ती म्हणाली, ‘‘ही जाड झालीया.’’ आबा म्हणाले, सप्ताहाच्या तोंडावर वीणा उघडी करायची? लोक काय म्हणतील? आई म्हणाली, लोक काय म्हणायचं ते देवळात म्हणून झालंय.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी बसलो. सुतार नांगराच्या रुमण्याची मूठ गुळगुळीत करतो ती फुटक्या काचेनं, हे आईनं पाहिलेलं. तिनं एक बाटली फोडली, धारेच्या काचा निवडल्या, फडक्यात धरायला शिकवलं. काच उभी धरायची, ओढायची आपल्याकडे, ढकलायची नाही. ढकललीस तर लाकडात घुसेल. माझी बोटं बारीक म्हणून खुंट्यांजवळची जागा माझी, लांब सरळ दांडी तिची. आवाज चिरका यायचा, दातांत शिरायचा. रंगाच्या सालपटांचा ढीग पडवीत पडायचा. मी तेव्हा शाळेतून नुकतीच काढलेली होते आणि सगळ्या जगावर रागावलेली होते, त्यामुळे खरवडायचं काम मला आवडलं. प्रत्येक थर ओळखीचा होता. हा काकींच्या दाराचा. हा आमच्या बैलांच्या शिंगांचा. हा तात्यांनी बांधाची मोजणी आणली त्या वर्षीचा, सर्वात जाड, जणू फासायच्या वेळी मनात कुणाचं तरी तोंड होतं. दोन भावांनी एकमेकांवर किती वर्षं काय काय फासलं ते माझ्या मांडीवर सालपटं होऊन पडत होतं.

आता मी मारुंजीत राहते. सासरच्या जमिनीवर खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. मध्ये एका खोलीत कंपनीतला एक तरुण होता, त्याच्याकडे चार तारांची जाड आवाजाची गिटार होती. बेस गिटार म्हणाला. जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. एकदा भाडं द्यायला आला तेव्हा मनगट चोळत होता. म्हणाला, काकू, हिची मान माझ्या हाताला जाड पडते, दुकानदार म्हणतो तासून घ्या नाहीतर दुसरी घ्या. मी ती हातात घेतली, मानेच्या मागून अंगठा फिरवला. चिकट लागला. म्हटलं, लाकूड तासायच्या आधी लाकडावर काय बसलंय ते बघ. जुन्या वस्तूची जाडी सगळी तिची स्वतःची नसते. त्याला वाटलं असेल, म्हातारीला काय कळतंय गिटारमधलं. गिटारमधलं मला काहीच कळत नाही. पण मुठीचं कळतं.

तर, खरवडत खरवडत आम्ही सगळ्यात खालच्या थराला आलो. तो ऑइलपेंट नव्हता. काळपट तांबडी लाख, आज्यांच्या वेळची. आई म्हणाली ही राहू दे, ही पातळ आहे. पण मुठीच्या जागी लाखेला उंचवटा होता, म्हणून तिनं तेवढी जागा काचेनं उघडली. खाली दोरा निघाला. बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे, लाखेत बुडवलेले, एकाला एक चिकटून. वेढ्यांच्या वर आणि खाली लाकडात एक तिरपी रेघ दिसत होती. आईनं दांडी उजेडाकडे फिरवली. रेघ पलीकडूनही होती. दांडी कधीकाळी आरपार मोडलेली होती आणि कुणीतरी फार कसबानं सांधलेली होती.

आबांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि खाली बसले. कुणी पाडली, असं त्यांनी विचारलं, तेही आईकडे बघून, जणू तिनंच पाडली. आई म्हणाली, सगळ्या रंगांच्या खाली आहे, लाखेच्याही खाली. वाटणीच्या कितीतरी आधीचं आहे. मग तिनं जे कुणी बोलू नये ते बोलून टाकलं. ‘‘मामंजींनी पाडली. गुडघा फुटला तवाच वीना बी फुटली.’’ आबांनी डावा हात उगारला. आई जागची हलली नाही. हात तसाच खाली आला. त्यांना राग कशाचा आला ते मला तेव्हा समजलं नाही. ती खोटं बोलली असती तर त्यांनी मारलं असतं.

पुढची अडचण आईनंच सांगितली. हा सांधा गावाला दिसला तर कुणी आज्यांचं नाव घेणार नाही. आज्यांनी वीणा पाडली नाही हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. मग पाडली कुणी? यंदा ज्याच्या घरी आहे त्यानं. हात मोडलेल्यानं. आणि हे पहिल्यांदा म्हणणार तात्या. सांध्यावर फडकं बांधून पाहिलं, तर बरोबर तिथंच मूठ यायची आणि फडक्यानं ती पुन्हा उघडी पडायची. रंगाचा हात द्यावा, तर वाळायला दिवस उरले नव्हते. उघड्या दांडीवर मात्र आबांनी हात ठेवला आणि ती दोन बोटं जेवढी मिटत होती तेवढ्यात दांडी बसली. पहिलं बोट तारेवर पडलं. तार बोलली. भिंतीपलीकडे कसलंतरी भांडं जमिनीवर आपटलं.

आई म्हणाली, तात्यांना आधी सांगा. वीणा तुमच्या हातातून त्यांच्याच हातात जायचीय. तळवा काढलात की सांधा उघडा. आबा म्हणाले, त्याच्या उंबऱ्यावर मी थुंकायलासुद्धा जाणार नाही. तळव्याखाली झाकून धरीन, पुढचं पुढं. आईनं कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. तिनं सांधा तेलाच्या बोटानं पुसला, म्हणजे तो लाकडाच्या रंगाचा दिसावा, आणि वीणा गुंडाळली.

सप्ताह बसला त्या दिवशी आबांनी देवळात घोंगडी सोडली तेव्हा तळवा आधीच जागेवर होता. रंग नसलेली वीणा बघून कुजबुज झाली. काकी बायकांत बसून म्हणाल्या, ‘‘दांडी सोलून आनली का काय, उसासारखी.’’ दोघीतिघी हसल्या. एरवी आई ऐकून घेणारी नव्हती, पण त्या दिवशी तिचं लक्ष दुसरीकडे कुठंच नव्हतं. आबा उभे राहिले. भजन सुरू झालं, टाळ लागले, उदबत्तीचा आणि खिचडीसाठी भिजवलेल्या डाळीचा वास एकत्र आला. आबांचा घाम कानामागून मानेवर उतरत होता. मला आईनं तांब्या देऊन पाठवलं. त्यांचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून मी त्यांच्या तोंडात धार धरली. जवळून पाहिलं तर ती दोन बोटं पांढरी पडली होती, पण पहिलं बोट तारेवर चुकत नव्हतं. समोर खांबाला टेकून तात्या बसले होते. सगळे मारुतीकडे बघत होते. तात्या आबांच्या मुठीकडे. पापणी न हलवता. मला वाटलं, त्यांना दिसलंय. आता उठतील आणि बोलतील.

पहारा भरला. वरच्या आळीचा पाटील पुढेच बसला होता, वीणा हातातून पडते का बघायला आलेला. तात्या पाय धुऊन आले आणि आबांसमोर उभे राहिले. रीत अशी की देणाऱ्यानं दांडी पुढे करायची आणि घेणाऱ्यानं वरच्या बाजूला धरायची, मग देणाऱ्यानं खालचा हात सोडायचा. आबांनी वीणा पुढे केली, पण हात सोडेनात. टाळ वाजत होते. लोकांना वाटलं, मोडका हात अडकला. तात्यांनी वरच्या बाजूला धरलंच नाही. त्यांनी आपला पंजा खालून आणला आणि आबांच्या तळव्याखाली सरकवायला लागले, एकेक बोट. दोघांचे हात एकावर एक होते. मी तांब्या घेऊन तिथंच, हातभर अंतरावर. तात्यांनी ओठ न हलवता म्हटलं,

‘‘सोड आता. कुटं धरायची ते मला ठावं हाय.’’

आबांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांना उद्देशून भावाचं हे पहिलं बोलणं होतं. त्यांनी हात काढला. खाली सांधा दिसला नाही; तिथं तात्यांचा तळवा होता. मग दोघं एकमेकांच्या पाया पडले, नेहमीसारखेच, झटक्यात. थोड्या वेळानं तात्यांनी, लई घाम येतोय म्हणून, खांद्यावरचा रुमाल दाती धरून दांडीला गुंडाळला, नेमका तिथंच, आणि गाठ मारली. पुढच्या गड्याला वीणा रुमालासकट गेली. बाकीच्यांचे हात धड होते, त्यांना त्याचं काही वाटलं नाही. सप्ताहभर तो रुमाल आबांच्या पाळीला सैल होऊन मुठीखाली सरकायचा आणि तात्यांच्या हातात पुन्हा सांध्यावर आवळला जायचा.

आबा देवळामागं येऊन बसले तेव्हा त्यांची मूठ उघडेना. आईनं एकेक बोट धरून ओढून उघडलं, अजिबात हलक्या हातानं नाही.

‘‘त्याला ठावं व्हतं,’’ आबा म्हणाले.

‘‘व्हय.’’

‘‘आन आजवर बोलला न्हाई.’’

‘‘बोलंल कसा? त्याचं बी नाक त्यातच हाय की.’’

‘‘मला सांगायला काय झालं व्हतं? मी काय परका?’’

आई शेवटचं बोट सरळ करत म्हणाली, ‘‘तुमाला सांगितलं असतं, तर बांधाच्या भांडनात पयल्या दिशी गावासमोर काढलं असतं तुमी.’’

आबा चिडून उठले आणि चालते झाले. खरं बोललं की ते असेच उठायचे. तात्या आबांपेक्षा पुष्कळ मोठे; आज्यांचा पाय घसरला तेव्हा ते कळत्या वयाचे असणार, कदाचित जवळही असतील. म्हणजे दर दोन वर्षांनी तो हिरवा रंग फासताना ते फक्त भावाचा तांबडा झाकत नव्हते. पण म्हणून मी त्यांना थोर ठरवायला बसलेले नाही. त्यात झाकपाक किती आणि अढी किती, हे त्यांचं त्यांना ठाऊक. रंग लावणारा हात एकच होता. आणि फाल्गुनात भर देवळात धाकट्या भावाची पाळी काढून घ्यायला निघालेलं तोंडही त्यांचंच.

पुढच्या वर्षी वीणा तात्यांकडे होती. सप्ताहाचं ठरवायला मंडळी बसली तेव्हा पाटलानं गोड आवाजात विषय काढला. आबांचा हात आता तसा अधूच. उगीच त्यांना त्रास कशाला, तात्यांच्या मागचा पहारा वरच्या आळीच्या एखाद्या जवान गड्याला देऊ. गेल्या वर्षी तात्यांनी स्वतःच तसं म्हटलेलं सगळ्यांना आठवत होतं, त्यामुळे सगळे तात्यांकडे बघायला लागले. मी बायकांच्या बाजूला दाराशी होते. तात्या आबांकडे बघत नव्हते; तंबाखू मळत होते.

‘‘माझ्या हातातली वीणा मी बबनच्या हातात देनार,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्या कुनाच्या देनार न्हाई. पटत नसंल तर सप्ता बंद करा.’’

बबन हे आबांचं नाव. एकमेकांच्या विहिरीचं पाणी न पिणारी ही माणसं, यांना आज काय झालं, असं जो तो शेजारच्याला विचारत होता. बैठक सुटली. देवळापासून आमच्या दोन घरांपर्यंत वाट एकच होती. आबा त्या वाटेला लागलेले पाहून तात्या थांबले, तंबाखू थुंकले आणि ओढ्याकडून वळसा घालून घरी गेले.